भिंतींचं घर, खांबांचं घर

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं पाकीट मिळालं. नकाशा परत पाठवायचाच होता, म्हटलं सोबत चार ओळी लिहू. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत धरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

तू विचारलंस की इंजिनिअर दोन तऱ्हा सांगतोय. एक तर जाड भिंती उचलायच्या आणि स्लॅब त्यांच्यावरच टाकायचा, नाहीतर कॉलम-बीम उभे करून मधे नुसत्या पातळ भिंती भरायच्या. ‘ताई, तू घर बांधलंयस, तूच सांग.’ बरं, सांगते. भिंतींचंच बांध. कॉलम म्हटले की सळई आली, सेंट्रिंग आलं, आणि खर्च हां हां म्हणता हाताबाहेर जातो. तुम्हाला काय खाली दुकानं काढायचीत? तीन खोल्यांचं बसकं घर भिंती आरामात पेलतात. आमचं नाही का उभं? जमीनही मी बघितलीय तुझी, चांगली कडक आहे. वर मजला चढवायचं खूळ तुझ्या नवऱ्याच्या डोक्यातून काढून टाक. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

आता इकडची बातमी. नकाशा आला त्या दिवसापासून आईने तो ताब्यात घेतलाय. चष्मा लावून बसते, दारं-खिडक्यांवरून बोट फिरवते. शेजारच्या शिवणवाल्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवला. “हे धाकटीचं स्वयंपाकघर, ही खिडकी, इथून सकाळचं ऊन येणार.” आमचं घर बांधायचं होतं तेव्हा असाच कागद मी तिच्यापुढे धरला होता. तेव्हा म्हणाली होती, “मला काय कळतंय त्यातलं, तुम्ही कराल ते बरंच कराल.” आता कळायला लागलं वाटतं.

गेल्या आठवड्यात गवंडी बोलावला होता. आईची खोली तुला माहीत आहे, पलंग मांडला की वॉकर वळत नाही, बिचारी पलंगाला धरत धरत दारापर्यंत येते. म्हटलं, शेजारच्या अडगळीच्या खोलीची भिंत काढू, दोन्हीची एक खोली होईल. गवंड्याने भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, “वहिनी, तुमचा स्लॅब हिच्यावर बसलाय. हिला हात लावायचा नाही.” खाली लोखंडी बीम घालून जमेल का विचारलं, तर त्याने सांगितलेल्या खर्चात नवी खोली झाली असती. आणि नवी बांधायला आमच्याकडे जागा कुठे आहे?

आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, “राहू दे गं. धाकटी खांबांचं बांधेल ना, तिथे भिंत पाहिजे तशी सरकवता येते. मी तिकडेच जाते.”

भाजीला मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज म्हणाली. तेच लागलं मला. बाबा गेल्यापासून तिची औषधं, तिची पथ्यं, तिचे रुसवे-फुगवे सगळे माझ्या घरात, आणि तुझ्या अजून न बांधलेल्या घरात तिची खोली ठरलीसुद्धा.

पोटात दुखतंय माझ्या, बारके. काही पहिल्यांदा नाही दुखत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपल्या घरात पुढची कायम मी. माझ्या वेळी सायकल महाग होती, तुझ्या वेळी आली. मी भिंतींचं बांधून फसले, तू विचारून बांधणार. वर माझ्याच तोंडून विचारून.

तर वर जे काही शहाणपण शिकवलं ते या पोटदुखीपायी. तुझंही घर माझ्यासारखंच व्हावं, तिथलीही भिंत हलू नये, म्हणजे आईला तिथेही वॉकर वळवता येणार नाही. एवढी मजल गेली माझी. लिहिताना लाज वाटतेय. पान फाडणार होते, पण राहू दे, आपली ताई कशी आहे ते तुलाही ठाऊक असावं.

जमीन कडक नाही. चिकणमाती आहे, ऐन उन्हाळ्यात बघायला आले होते तेव्हा भेगा पडलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. अशी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. साध्या पायावर भिंती उचलल्यास तर दोन-तीन वर्षांत तडे जातील. खड्डा घेऊन माती तपासून घे, पाया किती खोल न्यायचा ते इंजिनिअरला ठरवू दे, आणि बांध कॉलमचंच. पायाच्या कामात आणि सळईत हात आखडू नकोस, ते पुन्हा उकरून करता येत नाही. वाचवायचंच असेल तर फरशी साधी घे, कपाटांना दारं मागाहून लाव, बाहेरचा रंग पुढच्या वर्षी दे. मजला आज नको, पण पुढे चढेल असा पाया आत्ताच करून ठेव. आईची खोली खालीच हवी, दार रुंद, उंबरा नको. संडास-न्हाणीघर खोलीला लागूनच कर, आईला घाई होते.

आत्ता आईने विचारलं, एवढं काय लिहीत बसलीस. म्हटलं, धाकटीला सांगतेय खांबांचंच बांध. “चांगलं केलंस,” म्हणाली. मग म्हणाली, “माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेव.” मी ऐकलंच नाही असं केलं.

एक शेवटचं सांगते. स्लॅब टाकला की पाणी भरपूर मारायचं, आणि खालचं आधाराचं सेंट्रिंग काढायची मुळीच घाई करायची नाही. इंजिनिअर सांगेल तेवढे दिवस ठेव, वर आणखी थोडे ठेव. दिवस जास्त गेले म्हणून स्लॅबचं काही बिघडत नाही.

घर पुरं होईपर्यंत आई जिच्याकडे आहे ती,
तुझी ताई