चादरीआडचं सांगणार नाही

जव्हार, मंगळवार

ती. कांतीमामांस,

शलाकाचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, मामींचं पित्त आणि दुकानातला पंखा या तिघांनाही आता बरं असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे, आणि माफीनामा न लिहिल्याने ती बिघडेल असं वाटत नाही.

माझ्यावरच्या तक्रारीबद्दल ‘दोन ओळी खरड, विषय मिटेल’ असं तुम्ही कळवलंत. मी नर्स आहे त्या दवाखान्याच्या समितीवर तुम्ही आहात, शुक्रवारी माझ्या बदलीच्या कागदावर तुमचीही सही लागणार, म्हणून काय झालं ते एकदा माझ्याकडून वाचा.

खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरून एक पोर जीपमधून आली. (नाव सांगणार नाही. तक्रारीत असेल, तिथे वाचा.) बरोबर नऊ माणसं. नऊही जण पलंगाभोवती बसले. मी पोरीला विचारलं, कुठे दुखतं? उत्तर दिलं तिच्या आज्याने, जिवाबाबांनी. कधीपासून? जिवाबाबा. काय खाल्लं? जिवाबाबा. शेवटी पाळी कधी आली होती विचारलं, तर बाबांनी बोटं मोजली आणि ठणकावून सांगितलं, “बाजाराच्या दिशी!” दोघी काकूंनी माना डोलावल्या. (हे सांगते, कारण सगळ्या वॉर्डाने ऐकलं.) पोर छताकडे बघत पडली होती.

मग मी नऊ जणांना बाहेर काढलं. हो, आवाज चढवून. वॉर्डाला पडदे नाहीत (तीन अर्ज दिलेत, तिन्ही तुमच्याच समितीकडे आराम करताहेत), म्हणून चादरीचं एक टोक सलाइनच्या स्टँडला बांधलं आणि दुसरं पोशी आयाबाईंनी हात वर करून, तोंड भिंतीकडे फिरवून धरलं. आणि पोर बोलली. रडली, बोलली, परत रडली. आयाबाईंच्या हाताला कळ लागली, पण चादर खाली आली नाही. काय बोलली? ते तुम्हालाही सांगणार नाही, मामा. पुढच्या ओळीत शोधू नका, तिथेही नाही.

जिवाबाबांनी तेच विचारलं. “आमचीच पोर, न् आमालाच नाय सांगत?” म्हातारा वाईट नाही. वळणावळणांच्या रस्त्याने तिचं डोकं मांडीवर घेऊन आला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. तरी म्हटलं, बाबा, तिला विचारा, ती सांगेल तेवढंच तुमचं. त्यांना तो अपमान वाटला आणि तक्रारीखाली नऊ अंगठे उमटले.

ओरडले त्याची माफी मागेन, बाबांच्या पाया पडून मागेन. चादर धरल्याची मागणार नाही. खुशाल बदली करा. जिथे पाठवाल तिथेही माणसं आजारी पडतात आणि तिथेही चादरी मिळतात.

मामींना नमस्कार.

तुमची हट्टी भाची,
शलाका

ता. क. : दुकानातलं जाड सुती कापड वीस मीटर पाठवा. रंग कुठलाही चालेल, आरपार दिसता कामा नये. खरं तर एवढंच लिहायला बसले होते.

ता. क. २ : परवा मामी वॉर्डात आल्या होत्या. हर्नियाच्या ऑपरेशनला तुम्ही हसत हसत गेलात, असं त्या बाजारपेठेत सगळ्यांना सांगतात. मला हळूच म्हणाल्या, “खरंच घाबरले नव्हते ना गं?” आत नेण्याआधी माझा हात धरून तुम्ही किती वेळ रडलात ते मला आठवतं, आणि काय बोललात तेही. मी मामींना चहा पाजला आणि घरी पाठवलं. शुक्रवारी सही माझ्याविरुद्ध केलीत, तरी ते माझ्या तोंडून निघणार नाही.