गहाण घराचा टॅक्स

वडसा (देसाईगंज)
१२ सप्टेंबर २०२४

चि. श्रावण यास,
थोरल्या बहिणीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. परवा फोनवर तू धानावरच्या करप्याचं सांगत होतास आणि मी म्हटलं, हो रे, चिवड्यात मीठ कमीच पडलं. मागून तुझ्या पोराचं, प्रफुलचं हसणं तेवढं कानात शिरलं. तेव्हा आपलं पत्रच बरं. कागद मला मोठ्यानं वाचता येतो.

काळजी एकच आहे. दोन महिने झाले, बँकेचे पैसे खात्यात पडले नाहीत. तुला आठवत असेल, तुझ्या भाऊजींनी मरायच्या आधी घर बँकेकडे त्या उलट्या गहाणात ठेवलं. राहायचं आपणच, दर महिन्याला बँक आपल्याला पैसे देणार, आणि आपल्यामागे घर विकून वसूल करणार. म्हणून चौकशीला गेले. तिथं खुशबू नावाची नवी अधिकारी आहे, आपल्या सूनबाईच्या, चंचलच्या वयाची. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं की भाऊजी गेल्यापासून चार वर्षं घरटॅक्स भरलेला नाही. तो भरणं करारात आपल्याकडे आहे. नोव्हेंबर संपायच्या आत भरला नाही तर सगळं कर्ज एकदम मागतील. म्हणजे घर जाईल.

आता तूच सांग. बाबांनी खालची बांधी सावकाराकडे गहाण टाकली होती तेव्हा शेतसारा कोण भरत होता? सावकारच ना? ज्याच्याकडे गहाण त्यानं सारा भरावा, एवढंच मला ठाऊक. म्हणून दरवर्षी नगरपरिषदेचं बिल आलं की मी चांगलं लुगडं नेसून ते बँकेत नेऊन देत होते. दारावरचा मंगरू दोन्ही हातांनी घ्यायचा, साहेबाकडे देतो म्हणायचा. तुझे भाऊजी होते तोवर तेच भरत. मला वाटे, भोळा माणूस, बँकेचं काम उगीच अंगावर घेतो.

मुलाबाळांना आशीर्वाद. ममता ठेवावी.
तुझी बाई,
केसर

मार्कंड्याजवळ, ता. चामोर्शी
२५ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप केसरबाईस,
श्रावणचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून आधी हसलो, मग जेवण गेलं नाही. मंगरूच्या घरचा चहा चार वर्षं तुझ्या बिलांवर उकळला असणार.

बाई, सावकारानं सारा भरला, कारण बांधीतलं धानही तोच नेत होता. तुझ्या घरात बँक थोडीच राहते? राहतेस तू. पत्रासोबत पाठवलेला करार प्रफुलनं दोनदा वाचला. टॅक्स आपलाच आहे, आणि मुदतही खरी आहे.

तू हो म्हण, मी भरतो. पण त्याच्या आधी माझं एक ऐक. जाऊ दे ते घर. तुला पोरबाळ नाही, तुझ्यामागे ते बँकेचंच होणार आहे. भिंतींसाठी या वयात कोणाच्या पाया का पडायचं? इकडे ये. कमळा गेल्यापासून संध्याकाळी मी एकटाच नदीकडे बसतो. पोरं चांगली आहेत, सूनही जीव लावते. पण जुनं काही बोलायला गेलो की त्यांना ते गोष्टीसारखं वाटतं. आई धान कांडताना कोणतं गाणं म्हणायची, याची दुसरी ओळ मला आठवत नाही. ती आता जगात तुला एकटीलाच ठाऊक आहे.

चंचल विचारते, आत्याबाईंना भाजीत तिखट किती लागतं. काय सांगू ते कळव. दया असू द्यावी.
तुझा,
श्रावण

वडसा
१४ ऑक्टोबर २०२४

चि. श्रावण यास,
आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र चारदा वाचलं. गाण्याची दुसरी ओळ लिहिणार नाही. लिहिली तर तुला इकडे यायचं कारण उरणार नाही.

भावाचं घ्यायचं ते भाऊबीजेला ताटात पडेल तेवढं. एरवी नाही. आईची रीत आहे, माझी नाही. नगरपरिषदेत हप्ते करून मागितले, तर निम्मे आधी भरा म्हणाले. मग हे नाटकात वाजवायचे तो ऑर्गन विकायचं मनात आणलं. एक गिऱ्हाईक आलंही. त्यानं झाकण उघडून पट्टीवर बोट ठेवलं आणि मी दुप्पट किंमत सांगितली. गेला बिचारा.

येण्याचं म्हणतोस. तुझ्या घरी मला काही कमी पडणार नाही, हे मला कळतं. चंचल ऊन ऊन भात वाढील. पण दिवेलागणीला मी तिथं कोणाची वाट पाहू? इथं निदान वाट पाहायची सवय आहे. याहून नीट सांगता येत नाही रे. रागावू नकोस.

नाटक मंडळ्यांचे बोर्ड लागायला लागले आहेत. बसस्टँडकडचा रस्ता रंगीत झाला आहे. दिवाळीला नक्की ये. आणि भाजीत तिखट तुला लागतं तेवढंच.
तुझी बाई,
केसर

वडसा
१५ नोव्हेंबर २०२४

चि. श्रावण यास,
पोटभर आशीर्वाद. वि. वि. टॅक्सची पावती बँकेत दिली. काल खुशबू स्वतः घरी येऊन सांगून गेली, अडकलेले पैसे जमा झाले. घर माझ्याकडेच राहिलं. तिला चिवडा दिला. या खेपेला मीठ बरोबर होतं.

भाऊबीजेच्या ताटात तू आधी निघालेल्या हलक्या धानाचे सगळेच्या सगळे पैसे ठेवलेस आणि मला बोलूही दिलं नाहीस. ओवाळणी परत करता येत नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं. लबाड आहेस. लहानपणीही होतास.

पण एक गोष्ट मनात राहिली. पाडव्याला आलास तेव्हा तुझ्याकडे दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या होत्या. त्या कशासाठी, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झाले नाही. भांडणाची तयारी करून बसले होते. तू मात्र चल म्हणून एकदाही म्हणाला नाहीस. पिशव्या तशाच घेऊन गेलास. माझ्या आधीच्या पत्राचा राग आला का? राग असेल तर लिही. गप्प बसू नकोस. जीव लागून राहतो.
तुझी बाई,
केसर

मार्कंड्याजवळ
२८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप बाईस,
नमस्कार. वि. वि. राग नाही. तुला न्यायलाच आलो होतो. वाटेत एसटीत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. टॅक्सचे पैसे खिशात होते, पण ते शेवटचा उपाय म्हणून.

पाडव्याच्या संध्याकाळी तू मागच्या अंगणात भांडी घासत होतीस आणि मी ओसरीवर तोंड उघडायची संधी शोधत होतो. तेवढ्यात गल्लीत भाऊजींच्या नाटकवाल्यांची गाडी थांबली. लहानू नट खाली उतरला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "वहिनी, चाय ठेवली काय वो?" बाई, माझा फोन तुला ऐकू येत नाही. ते तुला अंगणातून ऐकू आलं. हात न पुसताच तू आलीस. मग त्यांचा तो नवा पोरगा भाऊजींच्या ऑर्गनवर बसला, आणि तू लाकडावर पंजा टेकून उभी राहिलीस. मधेच मान हलवलीस, तसा त्यानं सूर खाली घेतला. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी भाऊजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे तू आत्या होशील, आजी होशील. वहिनी म्हणून तुला इथं कोण हाक मारणार? मीही नाही मारू शकत. म्हणून काही बोललो नाही.

तुला कळवलं नव्हतं, पण नदीकडची खोली पोळ्यापासून तुझ्यासाठी करून ठेवली होती. चंचलनं सारवली, प्रफुलनं पंखा बसवला, आणि तुला खाटेवरून पाणी दिसावं म्हणून मी खिडकी खाली घेतली. काल मागून निघणारं भारी धान घरी आलं. ठेवायला जागा नव्हती. प्रफुल पोतं खांद्यावर घेऊन माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, त्या खोलीत ठेव. खिडकीच्या वरपर्यंत थप्पी लागली आहे.

थंडी पडली आहे, कानाला बांधत जा. माया आहे तशी असू दे.
तुझा,
श्रावण