तीन शंकांची एक खात्री

८ फेब्रुवारी

ताई वाचली. अँब्युलन्समुळे नव्हे, अँब्युलन्स असूनही.

संध्याकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. चेहरा पांढराफटक, घाम. मी फोन केला, पत्ता स्पष्ट सांगितला, दोनदा, आणि दारात जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरचा फोन.

"मॅडम, पोचलो. तुम्ही कुठाय?"

"दारात उभी आहे."

"मीपण दारातच आहे."

"कोणाच्या?"

त्याने कोणाला तरी विचारलं. मग, "इथं शिंप्याचं दुकान आहे."

शिंपी! शिंपी खालच्या रस्त्याला. आमची गल्ली वरच्या रस्त्यावरून आत येते आणि आमच्या दाराशी संपते. तिथून पुढे खाली जायला पायऱ्या आहेत, दगडी, चांगल्या उभ्या. अँब्युलन्सला पायऱ्या चढता येत नाहीत हे मला वाटत होतं सगळ्यांना माहीत असेल.

वळसा घालून वर यायचं तर पुन्हा सगळी रहदारी ओलांडायची. शेवटी ड्रायव्हर, त्याचा मदतनीस, शिंपी आणि शिंप्याचा कारागीर असे चौघे वर आले. स्ट्रेचर वळणावर मावेना. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली, ताईला चादरीने बांधली आणि उचलली. ताई गाउनमध्ये, केस मोकळे, एक पाय अनवाणी. अख्खा रस्ता गोळा झाला होता. कोणी तरी मोबाइल वर धरला तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. "पुढच्या वेळी इतका वेळ मिळेल असं समजू नका."


९ फेब्रुवारी

ड्रायव्हरने काल मला मोबाइल दाखवला होता. आमची गल्ली, आमच्या दारावरून, पायऱ्यांवरून थेट खालच्या रस्त्याला भिडलेली. सरळ, सुबक निळी रेघ.

"नकाशात रस्ता आहे ना मॅडम."

"मग नकाशातच चालवायची होती गाडी!"

बिचाऱ्याने मोबाइल खिशात घातला. त्याची चूक नव्हती. पण त्या वेळी दुसरं कोणी समोर नव्हतं.


१३ फेब्रुवारी

ताई घरी. पहिलं वाक्य: "ती खुर्ची बाहेर टाक."

टाकली नाही. माळ्यावर ठेवली. सहा खुर्च्यांचा सेट आहे.


१५ फेब्रुवारी

पालिकेत फोन. "आमचा नकाशा नाही, बाई." अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमला फोन. "आम्ही नकाशा बनवत नाही, विकत घेतो." कोणाकडून? तीन जणांकडे पाठवून झाल्यावर कंपनीचं नाव मिळालं. कंपनीत फोन केला तर वाद्यसंगीत.

मी आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं, शेवटी सुपरवायझर म्हणून. मला होल्डवर ठेवणारा अजून जन्माला यायचाय. रिसीव्हर टेबलावर ठेवला, भांडी घासली, परत उचलला. वाद्यसंगीत चालूच. उद्या स्वतः जाणार.


१६ फेब्रुवारी

गेले.

काचेची इमारत. रिसेप्शनवर "अपॉइंटमेंट आहे का?" मी म्हटलं, "हार्ट अटॅकला नव्हती." आत सोडलं.

एक चष्मेवाली मुलगी भेटली. इंजिनियर. नम्र, हुशार, आणि मला लहान मुलासारखं समजावणारी. मी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की समोरची बाई बहिरी नाही, नुसती म्हातारी आहे. त्यावर ती हसली. हसली म्हणून मी बसले.

तिने सांगितलं ते असं. कुठलाच एक नकाशा पूर्ण बरोबर नसतो. म्हणून ते तीन ठिकाणची माहिती एकावर एक ठेवतात: पालिकेचे जुने आराखडे, आकाशातून काढलेले फोटो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलनी उमटवलेल्या वाटा. एकात जे चुकतं ते दुसरं सांभाळतं. "त्यामुळे अचूकता खूप वाढते, आजी."

"बाई म्हण. आजी कोणाचीच नाही मी."

"सॉरी, बाई."

मग तिने आमची गल्ली काढली. पालिकेच्या आराखड्यात पायऱ्यांच्या जागी रस्ता आहे. कधी काळी बांधायचा ठरला होता, उतार पाहून सोडून दिला, पण रेघ पुसायची राहिली. फोटोत पायऱ्या आणि गल्ली एकाच राखाडी रंगाच्या, वरून सपाट दिसतात. आणि मोबाइल सांगतात की इथून वाहनं जातात.

"वाहनं? पायऱ्यांवरून?"

"वेग चालणाऱ्याचा नाहीये, बाई. चालणारे आम्ही वेगळे काढतो."

आधी वेगवेगळं पाहिलं तेव्हा प्रत्येक ठिकाणी शंका होती, म्हणून रस्ता दाखवला नव्हता. तिन्ही एकत्र केले आणि यंत्राने ठरवलं: आहे.

म्हणजे तीन शंका एकत्र केल्या आणि त्यांची एक खात्री झाली! मी तिला सांगितलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर फूटपट्टी घेऊन वर्गात फिरायची. तिघींनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं तर ती त्याला खात्री म्हणत नसे. कॉपी म्हणायची.

 मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "फोटोतला रस्ता शोधताना यंत्र आराखड्याची रेघ आधी बघतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉपीच."

मला ही मुलगी आवडली. तिला कळू दिलं नाही.


१७ फेब्रुवारी

वेगाने जाणारी वाहनं कोणती ते शोधलं. शोधलं म्हणजे खिडकीत बसले.

पायऱ्यांच्या कडेला सिमेंटची एक अरुंद पट्टी आहे, लहान मुलांच्या गाड्या आणि हातगाड्या उतरवायला केलेली. घरपोच सामान देणारे त्या पट्टीवरून स्कूटर सोडतात. पाय दोन्ही बाजूंना फाकवून, बदकासारखे, खाली घसरत. मोबाइल खिशात. हेच ते साक्षीदार!

एकाला थांबवून विचारलं, वळसा का घेत नाहीस?

"उशीर होतो, काकू."

"पडलास तर?"

"मग काय, लवकर पोचतो."

आगाऊ.

ताईला सांगायला गेले. तिने भिंतीकडे तोंड केलं. "पुरे झाला तुझा तो नकाशा."


१९ फेब्रुवारी

चष्मेवालीला फोन करून स्कूटरची हकिगत सांगितली. परवा स्वतः बघायला येते म्हणाली. कार्यालयातून बाहेर पडून रस्ता बघायची त्यांच्याकडे पद्धत नाही, साहेबाची परवानगी घ्यावी लागली म्हणे. रस्त्यांचे नकाशे करणारी माणसं!


२१ फेब्रुवारी

आली. पायऱ्यांच्या डोक्यावर उभी राहिली, खाली पाहिलं आणि म्हणाली, "अय्या."

इतकंच. हे एक "अय्या" त्यांच्या तिन्ही नकाशांत नव्हतं.

तिचं म्हणणं, तिन्हींत एक गोष्ट कोणाकडेच नाही. उंची. आमचं दार किती वर आणि शिंप्याचं दुकान किती खाली, हे कोणीच विचारत नाही. उंचीचा वेगळा नकाशा मिळतो, तो चौथा म्हणून घातला तर यंत्रालाच कळेल की एवढ्या उतारावर गाडी चालत नाही. फक्त आमच्याकडेच नाही, अशा सगळ्या जागी. मी म्हटलं, सगळ्या जागांचं तू बघ, मला आमचं दार पुरे.

इथवर ठीक. मग मी तिला चहाला आत बोलावलं. माझी हौस!

ताई पुढच्या खोलीत बसली होती. मुलीने वाकून नमस्कार केला आणि अगदी मायेने म्हणाली, "खुर्चीतून खाली नेलं त्या आजी ह्याच का?"

 मुलगी जाईपर्यंत ताई नीट वागली, साखर विचारली. दार लागल्यावर मात्र—

"कार्यालयात सांगितलंस?"

"सांगावंच लागलं. त्याशिवाय कोण ऐकतं?"

"आणखी कोणाकोणाला?"

मी खोटं बोलत नाही. पालिका, कंट्रोल रूम, कंपनी, केमिस्ट.

"माझी वरात काढलीस गावभर. एकदा त्यांनी काढली, आता रोज तू काढतेस."

"तुझ्या जिवासाठी चाललंय हे सगळं!"

"माझ्या जिवासाठी? तुला भांडायला कोणी तरी हवं असतं. एक्स्चेंज सुटल्यापासून उपाशी आहेस. पुन्हा चौघांच्या खांद्यावरून जाईन ती मेल्यावरच जाईन, सांगून ठेवते. आणि नकाशाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस."

"नाही काढणार!"

"आणि बोलूही नकोस."

"आनंदाने!"


२२ फेब्रुवारी

अबोला.


२४ फेब्रुवारी

आमचा अबोला लहानपणापासून एकाच पद्धतीचा. ज्याने आधी तोंड उघडलं तो हरला. मात्र वस्तूंशी बोललेलं चालतं.

आज ताई घड्याळाला म्हणाली, "कोणाला गोळीची वेळ लक्षात असती तर बरं झालं असतं."

मी गोळी नेऊन ठेवली आणि पाण्याच्या ग्लासला म्हटलं, "लक्षात असतं काही जणांच्या."

तिने गोळी घेतली. ओठाचा कोपरा हलला होता, मी पाहिला. पण हसली नाही.


२७ फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेले. दोघींशी वेगवेगळं बोलावं लागतं म्हणून वैतागले. "तुमचं वय काय, वागणं काय!" ताई त्यांना म्हणाली, "हिला विचारा." मी म्हटलं, "तिला विचारा." हे नियमात बसतं.

जाताना मला बाहेर बोलावून म्हणाले, पुन्हा त्रास झाला तर एक मिनिट घालवू नका. चढउतार तर अजिबात नको. मी म्हटलं, चढउतार कशाला होईल, ती फाटकापर्यंतसुद्धा जात नाही.


३ मार्च

चष्मेवालीचा फोन. उंची घातली, यंत्र सुधारलं, साहेबांनी पाहिलं. परीक्षेचे मार्क सांगावेत तशी सांगत होती. अशा शेकडो जागा सापडल्या म्हणे: पायऱ्या, बांध, एका ठिकाणी तर चक्क भिंत. "बाई, तुमचं ते कॉपीचं मी मीटिंगमध्ये सांगितलं."

"माझं नाही, मदरचं."

तिने कौतुकाने विचारलं, आजी कशा आहेत? बऱ्या आहेत म्हटलं. बोलत नाहीत हे सांगितलं नाही.


६ मार्च

झालं! मोबाइलवर पाहिलं. आमची गल्ली आमच्या दाराशी संपते. पुढे ठिपक्याठिपक्यांची पायवाट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कंट्रोल रूमला फोन लावला. तिथल्या बाईने आमचा पत्ता घालून बघितला. "वरून येणार गाडी. थेट दारात."

"नक्की?"

"मॅडम, तुम्ही रोज विचारलंत तरी हेच सांगेन." उद्धट, पण पूर्ण वाक्यात. चालेल.

खाली जाऊन शिंप्याला सांगितलं. त्याने टेप गळ्यात टाकून हात जोडले. "सुटलो. त्या दिवसापासून माझा खांदा भरून येतोय." केमिस्टला सांगितलं. डॉक्टरांना फोन केला. स्कूटरवाल्या आगाऊ माणसालाही थांबवून सांगितलं; तो म्हणाला, "म्हणजे आता आम्हालाच वळसा?" समोरच्या बिऱ्हाडात सांगितलं. पालिकेत फोन करून, तुमची जुनी रेघ एकदाची मेली, एवढं सांगून ठेवून दिला.

घरी आले तर ताई व्हरांड्यात. माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. काही तरी झालंय हे तिला कळलं होतं. मी काय झालं ते सांगेन म्हणून वाट बघत होती, असं मला वाटलं. मी फुलदाणीकडे वळले. काही तरी बोलावं असं मनात आलं. पण नकाशाचं नाव काढू नकोस हे तिनेच सांगितलं होतं.

विचारेल तेव्हा सांगेन.


९ मार्च

ताई पडद्याला म्हणाली, "हल्ली घरात फार शांतता असते."

मी पडद्याला काहीच म्हटलं नाही. माघार तिने घ्यायची आहे. थोडीशीच राहिलीय, एक-दोन दिवसांत घेईल.


११ मार्च

उद्या सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. दाढ काढतील बहुतेक. ताई टेबलाला म्हणाली, "दाढ काढल्यावर काही जणांना दिवसभर बोलता येत नाही. बरंच आहे."

हे जवळजवळ बोलणंच झालं.


१४ मार्च

बारा तारखेला मी दाताच्या डॉक्टरकडे असताना ताईने स्वतः अँब्युलन्सला फोन केला. गाडी फार लवकर आली, थेट आमच्या दारात. घरात कोणी नव्हतं. ताई कपडे बदलून, केस बांधून, एकटीच पायऱ्या उतरून खालच्या रस्त्यावर जाऊन उभी होती, तिच्या मते गाडी जिथे येते तिथे. शिंप्याने तिला आपल्या स्टुलावर बसवलं. वरची गाडी वळसा घालून खाली पोचेपर्यंत ती गेली होती.