गोगलगायीची खुंटी

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, चार-पाच वर्षांच्या पोरांना चित्रकला ती काय शिकवायची, रेघोट्या तर ती आपोआप ओढतात. माझ्या हातात तेव्हा निळ्या रंगाची बरणी होती, म्हणून मी विषय हसण्यावारी नेला. फोन ठेवल्यावर मात्र असा राग आला! उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाने हे बोलावं? तर आता ऐक, आणि मध्येच उठून जायचं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मी काहीही काढून दाखवत नाही. फळ्यावर एक घर काढलं की वर्गातल्या सगळ्या कागदांवर तेच घर, तेच दार, तोच धूर. मी रंग देते तीनच, लाल, पिवळा आणि निळा, आणि तेही चांगले दाट कालवून, नाहीतर ओघळ थेट बुटांपर्यंत जातात. हिरवा पोरं स्वतःच शोधून काढतात आणि मला अशा थाटात आणून दाखवतात, जणू त्यांच्याआधी तो जगात नव्हताच. हे काय काढलंस, असं मी कधी विचारत नाही. याच्याबद्दल सांग बरं मला, असं म्हणते. पण खरं कसब आहे ते कागद उचलण्यात. या वयात थांबणं जमत नाही रे. छान पिवळा सूर्य झाला की त्यावर लाल, त्यावर निळा, आणि बघता बघता सूर्याचा चिखल. मी पाठीमागे उभी राहते आणि नेमक्या वेळी विचारते, झालं का? कधी मान हलते आणि सूर्य वाचतो. कधी चिखलच हवा असतो. मग चिखल तर चिखल, मी मध्ये पडत नाही.

तू तर पट्टी न लावता हातभर लांब रेघ ओढायचास. मी खाली शिडी धरायचे आणि लोक रस्त्यात थांबून बघायचे. मला त्याची इतकी घमेंड, की शिडी धरणं हीच खरी कला, असं मी मैत्रिणींना सांगत सुटायचे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तुझा उजवा हात रुसला. तो पूर्वीसारखा होणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि तू सगळे ब्रश वहिनीच्या हातात देऊन म्हणालास, कुणा शिकणाऱ्या पोराला देऊन टाक. तेव्हापासून नुसता खिडकीशी बसतोस म्हणे. मला तुझी फार काळजी वाटते दादा, आणि तितकाच रागही येतो. डावा हात काय फक्त घड्याळ बांधायला दिलाय?

आता छत्रीची गोष्ट सांगते. आमच्या मुलांना अजून वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खुंटीवर नावाऐवजी एक चित्र असतं. छत्री, मासा, किल्ली. हळूहळू आम्ही हाकाही त्याच मारायला लागतो. तर मागच्या महिन्यात छत्री घसरगुंडीवरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. चित्राच्या तासाला रडेल, म्हणून मी तिच्यासाठी बटाटे कापून ठसे तयार ठेवले होते. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ब्रश डाव्या मुठीत धरला आणि घोडा काढायला घेतला. रेघ थरथरली, वाकडी गेली, परत आली, आणि घोड्याच्या मानेवर अशी आयाळ उठली की मी बघतच राहिले. हे अवघड असतं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहते तर अख्खा वर्ग डावखुरा! मासा तर शेजारच्याला दटावत होता, त्या हाताने नाही, तो जुना झाला. पालक विचारायला लागले, हे काय नवीन खूळ? मी म्हटलं, राहू द्या, आलं तसं उतरेल. उतरलंही. छत्री मात्र प्लास्टर निघालं तरी घोडे डाव्याच हाताने काढते.

तर पत्राचं कारण हे, की सोमवारी वर्गात एक नवीन मुलगा येणार आहे, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय. मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली आहे. वहिनी तुला फाटकापर्यंत आणून सोडेल. शिकवायला बोलावत नाहीये, शिकायला ये. मुलांनी विचारलं, तो रडतो का? मी म्हटलं, रडत नाही, रुसतो. चालतो कसा? सध्या हळूहळू. मग सगळ्यांनी मिळून तुझ्या खुंटीसाठी गोगलगाय ठरवली. मला एकदम आई आठवली. गोगलगाय आणि पोटात पाय, असं ती तुलाच म्हणायची ना? चित्र छत्रीने काढलंय, डाव्या हाताने. खुंटीला तुझा जुना शर्ट अडकवलाय. तो उलटा घालायचा, बटणं पाठीमागे, ती छत्री लावून देईल. आणि ब्रश म्हणशील तर वहिनीने तुझा शब्द पाळला. ते माझ्याकडे दिले. मी धुऊन, केस नीट करून गोगलगायीखाली ठेवलेत. शिकणाऱ्या पोरालाच द्यायचे होते ना? खुर्ची बुटकी आहे, जपून बस. आणि हो, वर्गात मला सगळे ताई म्हणतात. तुलाही म्हणावं लागेल.

तुझीच,
शिडी धरणारी