वीतभर कमी पडलेल्या रबराबाबत

मी, तातेराव कडूबा मगरे, वय एकसष्ट, धंदा मोटारीचे हूड शिवणे व रबर बसवणे, राहणार परतूर, जिल्हा परभणी, हा कागद कोणाच्या दबावाखाली नव्हे, तर पुऱ्या शुद्धीत, स्वतःच्या मनाने लिहून ठेवतो.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी मालनबाईला. बत्तीस वर्षे तिने माझा तिरसटपणा सोसला.

२. सख्खा भाऊ अप्पाराव यास काही नाही. माझ्या लेकीच्या लग्नात त्याने माझाच तांब्या मला आहेर केला, वर जेवणाला नावे ठेवली.

३. दुकान, शिलाई मशीन व सगळी हत्यारे मंठ्याच्या अजीजुन्निसा यांना. त्या माझा भागीदार याकूब याच्या विधवा. नात्यागोत्यात कोणी "हे काय नवीनच?" म्हणू नये. कारण लिहितो.

बावीस वर्षे आम्ही दोघांनी एकाच दुकानात काम केले. याकूब नेहमी म्हणायचा, "तात्या, रबर ओढू नको. उलट जास्तीचं ठेव अन् दाबून बसव. ओढलेलं रबर परत आपल्या मापावर जातं."

त्र्याहत्तर साली वाटूरच्या साहेबरावांची उघड्या टपाची विलायती गाडी आली. हूड आणि काचांच्या मध्ये बसणारे रबर मुंबईहून मागवले, ते वीतभर कमी निघाले. माप मीच कळवले होते. शुक्रवारी याकूब नमाजला गेल्यावर मी ते ओढून, सोल्यूशन लावून पुरवले. तो आला तेव्हा एकदम बराबर दिसत होते.

आषाढात रबर आखडले, कोपऱ्यात फट पडली, साहेबरावांच्या आईच्या अंगावर पाणी गळले. भर बाजारात साहेबरावांनी विचारले, "कोणी बसवलं?" मी म्हणालो, "याकूबनं." मेल्या जिभेला हाड नव्हते.

याकूबने माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "चुकलं, साहेब." पुढे नवे रबर मी बसवले, थेंब आत आला नाही, माझी वाहवा झाली. याकूबला कोणी गाडीला हात लावू देईना. तो मंठ्याला जाऊन सायकलींचे पंक्चर काढू लागला.

गेल्या महिन्यात खरे सांगायला गेलो. तो अंथरुणाला खिळला होता. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "तात्या, लई इचार केला. ते रबर मीच ओढलं असंल. आठवत न्हाई, पण माझाच हात असंल."

मी त्याला पाणी पाजले आणि उठून आलो. आठव्या दिवशी तो गेला.

४. माझ्या मागे हा कागद बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर, मोठ्याने वाचावा. अजीजुन्निसांनी हत्यारे रस्त्यावर फेकली, तरी त्यांना कोणी अडवू नये.

सही करण्याआधी काल हे सगळे त्यांना वाचून दाखवले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, चार साल ते सोताचेच हात बघत बसायचे. हे त्यांना वाचून दाखवायचं व्हतं."

वरील मजकूर खरा आहे.

सही : तातेराव कडूबा मगरे
साक्षीदार : १. साहेबराव देशमुख, वाटूर २. मच्छिंद्र खरात, परतूर
ठिकाण परतूर, ता. १९ ऑगस्ट १९७७