गॅलरीबाबत चर्चा झाली

३ फेब्रुवारी

हात वर केला. का केला?

मौनकेंद्राच्या विश्वस्त मंडळाची बैठक होती. आम्ही पाच जण — सगळे बिनपगारी, फुल अधिकारी! एक विश्वस्त बांधकामवाले, आयुष्यभर पूल बांधून आता निवृत्त. ते म्हणाले, ध्यानाच्या हॉलमधल्या लाकडी गॅलरीला वाळवी लागलीय, तिथे कुणालाही बसवू नका. अध्यक्ष हसले. "अहो, चाळीस वर्षं उभी आहे ती! पंधरा दिवसांवर शिबिर आलंय. पन्नास माणसं. निम्म्यांना काय झाडावर बसवू?"

अध्यक्ष म्हणजे आमचे जुने हेडमास्तर. त्यांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं क्लार्क होते. त्यांचा हात वर गेला की माझा आपोआप जातो.

तीन विरुद्ध दोन. तिसरा हात माझा.

५ फेब्रुवारी

अध्यक्षांचा फोन. "इतिवृत्तात वाळवीबिळवी नको. 'गॅलरीबाबत चर्चा झाली' एवढं पुरे." सचिव मी. तेवढंच लिहिलं. अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार!

६ फेब्रुवारी

इतिवृत्ताची वही उघडून बसले; जेवण तसंच राहिलं.

९ फेब्रुवारी

एकटीच गॅलरीत गेले. कडेच्या तुळईत बॉलपेन टोचून पाहिलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं आत. बाहेर काढलं तर नुसता भुसा. पायाखालची फळी करकरली — की मला भास झाला? कठडा धरून एकेक पायरी उतरले.

उतरण्याआधी भोकावर बैठकीची गादी सरकवली. कुणाला दिसू नये म्हणून. काय बाई आहे मी!

१२ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. त्यांचे यजमान गेल्यापासून आठ महिने उंबरठा ओलांडला नव्हता त्यांनी. "वहिनी, तुमच्या शिबिरात नाव घातलंय मी. वर गॅलरीत जागा मिळालीय. बरंच झालं, कुणाशी नजरानजर नको."

मी म्हटलं, "छान."

छान! जीभ कशी झडली नाही.

१३ फेब्रुवारी

बांधकामवाल्यांनी इतिवृत्त वाचलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तुम्ही सरांना घाबरता, ते मला कळतं. लाकडाला कळत नाही."

१८ फेब्रुवारी

शिबिराचा पहिला दिवस. सगळ्यांच्या आधी पोचले आणि गॅलरीच्या जिन्याला कुलूप घातलं. किल्ली दोनदा हातातून पडली.

अध्यक्ष आले. "हे कुणाच्या ठरावाने?"

"माझ्या."

"मंडळाने ठरवलंय ते मोडणाऱ्या तुम्ही कोण?"

"मंडळात मीही आहे, सर. माझं मत मी परत घेतलं. शिबिर जेवणघरात होईल."

पन्नास माणसं टकामका बघतायत. मौन सुरू झालेलं, त्यामुळे हूं की चूं नाही! अध्यक्ष लालबुंद. तेवढ्यात वन्संनी आपली चटई उचलली आणि जेवणघराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे एकेक करून सगळे.

२३ फेब्रुवारी

शिबिर संपलं. सगळे सुखरूप घरी. वन्सं जाताना चक्क हसल्या! अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत. मंडळाने ठराव केला — सगळ्या इमारती बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायच्या. या वेळी माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१ मार्च

तज्ज्ञांचा अहवाल आला. गॅलरीची कडेची एकच तुळई पोखरलेली, बाकी ठणठणीत. बदलली की झालं.

जेवणघराच्या छताचा भार पेलणारं आढं आतून पूर्ण पोकळ. कधीही खाली येईल, लिहिलंय.

पाच दिवस. पन्नास माणसं. वन्संना जागा मीच दाखवली होती — बरोबर मधली.