निकालपत्रातलं माझं वाक्य

सेजवेल, कॅलिफोर्निया
२ नोव्हेंबर

प्रिय जोलीन,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे टेकड्यांवर पहिला बर्फ भुरभुरला. शाळेमागची पॉपलरची झाडं पिवळी झाली आणि तुझे वडील नि मी त्यांच्याखाली कविता पाठ करायचो ते दिवस आठवले. डेलमार दुसऱ्या कडव्याला हमखास अडखळायचा, मग मागच्या बाकावरून मी हळूच ओळ पुरवायचो.

तो बरा आहे. काल माझ्या हातचं सूप प्यायला, वर नावंही ठेवली.

दीड वर्ष तू माझ्याशी बोललेली नाहीस. कारण मी विचारलं नाही; मला ते ठाऊक होतं.

हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांना काडतुसांची एकेक पेटी द्यायचो. पन्नास वर्षं. मग राज्याचा कायदा आला, काडतुसं घेताना दर वेळी नाव तपासायचं. दुकानातल्या यंत्राने डेलमारला नकार दिला. कायद्याविरुद्ध खटला उभा राहिला तेव्हा वकील साक्षीदार शोधत आमच्या शिकारी क्लबात आला, आणि मी शपथेवर लिहून दिलं, की यंत्र चुकलं, नावांचा घोटाळा झाला.

घोटाळा नव्हता, पोरी; मनोरुग्णालयात सक्तीने ठेवलेल्याला काही वर्षं काडतुसं मिळत नाहीत, म्हणून तो नकार होता. तुझी आई गेली त्या वर्षीच्या मार्चमध्ये तू त्याला त्या रुग्णालयात नेलंस, तेव्हा गाडी मीच चालवत होतो. मागे तू त्याचे दोन्ही हात घट्ट धरून बसली होतीस. मी आरशातून पाहत होतो.

जबानीत मी एक वाक्य घातलं होतं: ‘ज्याने या डोंगरांचे सत्तर शरद पाहिले, तो आता रिकाम्या हातांनी त्यांच्याकडे पाहतो.’ वकील म्हणाला, “आजोबा, हे सोनं आहे!” न्यायाधीशांनी कायदा रद्द करताना ते निकालपत्रात जसंच्या तसं उतरवलं. क्लबात चौकट करून लावलं. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी म्हटल्या, माझी ही एकच छापून आली. नकार बरोबरच होता असं तू सांगत होतीस, पण या ओळीमुळे गावात तू खोटी ठरलीस. मला ते दिसत होतं, तरी मी जाता-येता चौकटीसमोर थांबायचो.

तपासणी थांबली त्याच दिवशी मी पेटी आणून डेलमारच्या टेबलावर ठेवली. त्याने ती माझ्याकडे परत सरकवली.

“हे कुणी सांगितलं होतं तुला?”

“अरे, आपण जिंकलो!”

“तू जिंकलास. मी त्या दुकानात हरणांसाठी गेलो नव्हतो, वेंडल. कोठारात बापाची रायफल होती. यंत्र नाही म्हणालं तेव्हा बाहेर येऊन गाडीत रडलो. सुटलो म्हणून. आख्खा हिवाळा त्या एका नकारावर काढला मी. आणि तू जाऊन तोच मोडून आलास!” मग म्हणाला, “शाळेतही मी अडकायच्या आधीच बोलायचास, गाढवा. उचल ती पेटी. आणि जोलीनला लिही.”

पेटी आणि ती रायफल, दोन्ही त्याच दिवशी शेरीफकडे दिली. पत्राला मात्र पाच आठवडे लागले.

राज्य अपिलात गेलं आहे. तिथे माझं वाक्य पुन्हा वाचणार. जबानी मागे घेतो म्हटलं, तर वकील दचकला. “खोट्या शपथेचा गुन्हा लागेल, आजोबा. वय झालं, आठवत नाही म्हणा.”

मला सगळं आठवतं.

नवी जबानी सोबत जोडली आहे. चार ओळी आहेत, उपमा एकही नाही. स्वतःचं नाव घालायला डेलमारने होकार दिला. त्याला रुग्णालयात कुणी नेलं, ती जागा कोरी ठेवली आहे. तुझं नाव तिथे हवं की नको, ते तू ठरव. या वेळी मी मागून काही सुचवणार नाही. तुझा निरोप आला नाही, तर सोमवारी ती जागा तशीच कोरी ठेवून कागद न्यायालयात देईन.

लहानपणी तू मला काका म्हणायचीस. तो शब्द खाली लिहायला घेतला होता, पण हात धजला नाही.

वेंडल